दोह्यातले बर्फाचे टायर

पास्कूकाकांनी मला पहिल्यांदा घरी जेवायला बोलावलं आणि शिळ्या खुबूसचा कुस्करा वाढला. मी दोह्यात नवीन, लग्नही नवीन, ऑफिसातल्या वडीलधाऱ्या माणसाचं आमंत्रण म्हणून जरीकाठाची साडी नेसून गेले होते. आणि ताटात काय, तर आदल्या दिवशीची वाळलेली अरबी रोटी चुरून तिला कांदा-मिरचीची फोडणी दिलेली. माझा चेहरा बघून नवऱ्याने टेबलाखालून माझा पाय दाबला. पास्कूकाकांना मात्र कसलाच संकोच नव्हता. "बाय, ही काल फेकून दिली असती तर आज तुला काय वाढलं असतं?" असं म्हणत त्यांनी आणखी एक डाव वाढला. खोटं कशाला बोलू, कुस्करा फर्मास झाला होता.

त्यांचं नाव पास्कल, गाव वसई. आमच्या कंपनीचं ऑफिस तेव्हा मुशैरिबमध्ये एका जुनाट इमारतीत होतं. तो सगळा भाग पाडून नवा झाला तो फार पुढे. मी तिथे टायपिंग आणि फोन सांभाळायचे. पास्कूकाकांकडे कंपनीच्या आणि मालकाच्या घरच्या गाड्यांचा कारभार होता. मालकाला सगळे अरबाब म्हणत. काका अंगाने बारकेसे, शर्टाची झिजलेली कॉलर उलटवून शिवलेली. वाकलेले खिळे ते ठोकून सरळ करायचे आणि गाड्यांची जुनी सीटकव्हरं कापून गोडाऊनमधल्या पोरांना बसायला देत. कुणी हसलं की उत्तर ठरलेलं असे: "वस्तू आपल्याला कधी कंटाळते का? मग आपण तिला कशाला कंटाळायचं?" त्यांना कंजूष म्हणावं तर तसंही नव्हतं. कुणी आजारी पडलं की पहिला डबा त्यांच्याकडून यायचा. फुकट गेलेलं काही त्यांना बघवत नसे, इतकंच.

अल मुंतझामधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांच्याबरोबर दाऊदभाई राहायचे. दाऊदभाई रत्नागिरीकडचे, अरबाबांच्या घरचे ड्रायव्हर, अंगाने पहिलवान आणि आवाज मात्र एखाद्या लाजऱ्या मुलीसारखा. शुक्रवारी सकाळी ते काकांना मिस्सेच्या प्रार्थनेला सोडून येत आणि मग आपण नमाजाला जात. दोघांच्याही बायका गावी, मुलं गावी. कितीतरी वर्षं दोघं एका चुलीवर जेवत होते. आपला सख्खा भाऊ वसईत आहे की दोह्यात, असं कुणी विचारलं असतं तर पास्कूकाकांना विचार करावा लागला असता.

मी सांगतेय ती गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. त्या सुमारास ईद ऐन जानेवारीत येत होती. अरबाबांचं लेबनॉनच्या डोंगरात घर होतं. एरवी उन्हाळ्यात जाणारं ते कुटुंब त्या वर्षी ईदला तिकडे निघालं. घरची मंडळी विमानाने जाणार आणि दाऊदभाईंनी नवी कोरी, लाखमोलाची जर्मन जीप सौदी, जॉर्डन, सीरिया करत रस्त्याने तिथे न्यायची, असं ठरलं. अरबाबांना परदेशातही स्वतःची गाडी लागे. डोंगरात बर्फ पडतो हे त्यांना ठाऊक होतं, पण चारही चाकं ओढणारी गाडी कुठेही चढते, यावर त्यांचा गाढ विश्वास होता.

ऑफिसात एक वयस्कर लेबनीज इंजिनिअर होते. त्यांच्याच गावाकडचा तो रस्ता. त्यांनी पास्कूकाकांना बोलावून सांगितलं की गाडी कितीही ताकदीची असली तरी उतारावर तिला धरून ठेवतात ते टायर, आणि इथले टायर बर्फावर साबणासारखे निसटतात. त्यासाठी विंटर टायर वेगळे मिळतात, त्यांचं रबर मऊ असतं. मात्र परत आल्याबरोबर ते काढून टाकायचे, कारण इथल्या उन्हात असं रबर टिकत नाही, हेही त्यांनी त्याच बैठकीत बजावलं होतं. मी शेजारच्या टेबलावरच होते.

त्यानंतरचा आठवडा पास्कूकाकांचं जेवणात लक्ष नव्हतं. इंडस्ट्रियल एरियातल्या टायरवाल्याने तर त्यांची चक्क टर उडवली. दोह्यात बर्फाचे टायर मागणारं गिऱ्हाईक त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. ते जर्मनीहून विमानाने मागवावे लागणार होते. पंधरा दिवसांच्या बर्फासाठी चार नवे टायर, आणि मग काढून ठेवायचे! काकांच्या जिवाला ते सोसण्यासारखं नव्हतं. पण दुसऱ्या बाजूला दाऊदभाई होते, ज्यांनी उभ्या आयुष्यात बर्फ पाहिला होता तो मासळीवरचा. काका माझ्यासमोर येऊन बसायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. शेवटी एक दिवस म्हणाले, "टायर फुकट गेले तर गेले, बाय. माणूस फुकट जाता कामा नये." आणि ते अरबाबांच्या केबिनमध्ये शिरले.

आत काय झालं ते त्यांनीच बाहेर येऊन सांगितलं. अरबाब म्हणाले, दोन आठवड्यांसाठी? वेडा झालास का? नकार येतोय असं दिसताच पास्कूकाका बोलून गेले की दोन आठवड्यांसाठी कशाला, हे टायर इथेही चालतील, चांगले दोन वर्षं चालतील, जबाबदारी माझी. मग अरबाबांनी होकाराची मान हलवली. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो ते मी त्या दिवशी पाहिलं. पण टायर आले. काकांनी ते समोर उभं राहून बसवून घेतले आणि दाऊदभाईंना निरोप देताना गाडीच्या चारही बाजूंनी फिरून एकेका चाकावर हात ठेवला.

दाऊदभाई सुखरूप परत आले. माकडटोपी घालून बर्फात काढलेला फोटो त्यांनी ऑफिसभर फिरवला. एका वळणावर पुढची गाडी दरीकडे घसरताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती आणि यांची जीप जागच्या जागी थांबली होती. "पास्कूने टायर आणले म्हणून मी आलो," असं ते भेटेल त्याला सांगायचे. पास्कूकाका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण त्या दिवसांत त्यांची चाल बदलली होती.

आता टायर काढायचे. तर घालायचे कुठले? जीपचे मूळचे टायर रिकामे पडून राहतील म्हणून काकांनी ते दरम्यान अरबाबांच्या घरच्या बायकांच्या गाडीला चढवून टाकले होते. म्हणजे पुन्हा नवे घ्यायचे, आणि त्यासाठी पुन्हा त्याच केबिनमध्ये जाऊन सांगायचं की साहेब, मी दोन वर्षं म्हणालो ते खरं नव्हतं. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. लेबनीज इंजिनिअरनी एकदा आठवण करून दिली, तर काका म्हणाले, अजून तर ऊन कुठे आहे. एप्रिलमध्ये मी विचारलं. तेव्हा त्यांनी नजर चुकवून म्हटलं, "नक्षी बघ ना, अजून कशी नव्यासारखी आहे. एवढा चांगला माल काढून टाकवत नाही गं." तो माल चांगला होता म्हणून नव्हे, दिलेला शब्द मागे घ्यायची भीड वाटत होती म्हणून ते गप्प होते. मला तेव्हाही ते कळत होतं आणि रागही येत होता. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला किती वेळा टोकायचं?

जूनमध्ये एका दुपारी दाऊदभाई तीच जीप घेऊन सल्वा रोडने सीमेकडे निघाले. सौदीहून येणाऱ्या अरबाबांच्या पाहुण्यांना आणायचं होतं, उशीर झाला होता आणि अरबाबांच्या घरचा नियम एकच, यल्ला यल्ला, चला, लवकर. रस्त्यावरून वाफा निघत होत्या. मागचा टायर फुटला, गाडी उलटत वाळूत गेली. दाऊदभाई जागीच गेले. ऑफिसात फोन आला तो मी घेतला. पास्कूकाका समोर उभे होते. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, "कुठला टायर?"

अबू हमूरच्या कबरस्तानात दफन झालं. काका कडेला उभे राहिले, कुणीतरी त्यांना हात धरून पुढे नेलं, त्यांनी मूठभर माती टाकली. उन्हाळ्यात टायर फुटतातच, असं पोलीस म्हणाले. टायरवाला म्हणाला, नशीब. काका अरबाबांकडे जाऊन सगळं कबूल करून आले, तर अरबाब म्हणाले, मक्तूब, लिहिलेलं होतं, खलास, पास्कल. त्याच महिन्यात दुसरी जीप आली. मला त्या मक्तूब शब्दाचा इतका संताप आला की सांगता येत नाही. बोट ठेवून ज्याला दाखवता येईल अशी चूक झाली होती, करणारा स्वतःच्या तोंडाने सांगत होता, आणि एकही जण ती त्याच्या पदरात घालायला तयार नव्हता.

पास्कूकाका झपाट्याने खंगले. एक दिवस म्हणाले, आता झुबेदाकडे जातो. झुबेदा म्हणजे दाऊदभाईंची बायको. "तिचा हक्क आहे. तिने चार शिव्या घातल्या, दारातून हाकललं, तर मला बरं वाटेल." राजीनामा देऊन ते गेले. थेट रत्नागिरीला गेले, वसईला नंतर.

महिन्याभराने कागदपत्रं आवरायला ते दोह्यात आले आणि आमच्याकडे चहाला बसले. पास्कूकाका जाऊन आज कितीतरी वर्षं झाली, पण डोळ्यांसमोर येतात ते त्या संध्याकाळचेच. कपाला हात न लावता ते बोलत होते.

"मी तिला सगळं सांगितलं. अरबाबला काय बोललो ते, इंजिनिअर काय बोलले ते. काही लपवलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, पास्कूभाई, त्यांना माहीत होतं."

मला समजेना. "कुणाला?"

"दाऊदला. मे महिन्यात त्याने फोनवर तिला सांगितलेलं, की हे टायर उन्हात मऊ पडतात, गाडी डांबरावर तरंगल्यासारखी होते, ब्रेक वेळेवर लागत नाही. ती म्हणाली, मग पास्कूभाईंना सांगा. तर म्हणाला, नको. पास्कूने माझ्या जिवासाठी अरबाबपुढे शब्द टाकलाय. मी बोललो तर तो खोटा पडेल. एवढा उन्हाळा काढतो सांभाळून."

भीड भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची. नुसत्या भिकेवर निभावलं असतं तर किती बरं झालं असतं. एका ताटात जेवणारी दोन माणसं. एक धन्याला बोलला नाही, दुसरा मित्राला बोलला नाही, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण दुसऱ्याला जपतोय. मी हे त्यांना बोलले नाही. नवऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, काका, भाभींचा तुमच्यावर राग नाही ना, झालं तर मग.

"नाही ना," पास्कूकाका म्हणाले. "तिने माफ केलं. मी मागितलीसुद्धा नव्हती माफी, शिव्या मागायला गेलो होतो. पोलिसांनी सोडलं, अरबाबने सोडलं, आता तिनेही सोडलं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एखाद्या अनोळखी गावात रस्ता विचारावा तसं. "आता मी कुणाकडे जाऊ, बाय?"