माणगंगेला पाणी आलं हो!

चहा घ्या, पण कप खाली ठेवून ऐका. मागच्या खेपेला एकाच्या नाकात गेला होता! माणूस चष्मा विसरतो, छत्री विसरतो. मी अख्खी नदी चुकलो. तीसुद्धा भर दुपारी, डोळे उघडे ठेवून!

त्याचं असं झालं. आम्ही राहतो कराडात, कृष्णेच्या काठावर. पण माझी बायको सुमन माणदेशातली. तिचं माहेर आटपाडीच्या अंगाला, माणगंगेच्या काठी. गेल्या हिवाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पडल्या पडल्या तिनं एकच धोशा लावला.

“आवं, आमची नदी बघून या की. मी पवायला शिकले तिच्यात. तात्या म्हंतोय, आता नुसती वाळू हाय. मला न्हाई खरं वाटत.”

तात्या म्हणजे तिचा थोरला भाऊ. फौजेतून सुभेदार होऊन गावी परत आलेला.

आता टाके घातलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? पहाटे स्कूटर काढली. ठरवलं, उगमापासून थेट सासुरवाडीपर्यंत नदीच्या काठाकाठानं जायचं.

उगमाकडच्या घळीत पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. दोन्हीकडे काळे कडे, मधे पाण्यानं घासून गुळगुळीत केलेला कातळ. पाणी मात्र औषधालाही नाही! तरी त्या कातळावर तळहात ठेवला आणि उगीच वाटलं, आत कुणीतरी हळू श्वास घेतंय. पुढं दहिवडी, म्हसवड मागं पडलं. मग मोठा तलाव लागला. उरल्यासुरल्या पाण्यात सगळं आभाळ उतरलं होतं. काठावर भाकरी खाल्ली, लिंबाखाली जरा पडलो, आणि डोळा लागला.

तिथंच घोटाळा झाला!

जागा झालो तो अर्धा स्वप्नातच. स्कूटर चालू केली, बाभळींतून वाट काढली, आणि समोर बघतो तर पाणी! झुळझुळ वाहणारं, हिरवट, थंडगार पाणी. काठाला लव्हाळं, त्यावर एक खंड्या.

काय सांगू, अंगावर काटा आला!

आता तुम्ही म्हणाल, शंका नाही आली? आली ना! नदी अगदी पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. पण मी म्हटलं, दुष्काळी भागातली नदी, उगाच वळणं कशाला घेईल? बिचारी काटकसरीनं राहत असणार!

पाय पाण्यात सोडून बसलो. बोटांशी बारके मासे आले. लगेच सुमनला व्हिडिओ लावला.

“अगं बघ! तुझी माणगंगा!”

पलीकडून हुंदका आला. “व्हातीया हो! खरंच व्हातीया! थांबा, तात्याला सांगते.”

फोन ठेवला आणि मी तसाच बसून राहिलो. किती वेळ, कुणास ठाऊक. ऊन पाण्यावर पडत होतं आणि मला त्यात फ्रॉकमधली सुमन पोहताना दिसत होती.

एवढ्यात काठावर मोटरसायकल थांबली. खांद्यावर भलीमोठी लोखंडी चावी घेतलेला माणूस.

“पावनं, पाय काडा भाईर. पानी बंद कराय चाललोय.”

“नदी बंद करायला?”

“कसली नदी? पाट हाय ह्यो!”

“मग माणगंगा?”

“ती त्या टेकाडाच्या पल्याड. कोरडी ठाक. हे किष्णेचं पानी. पार कराडाकडनं मोटरीनं उचलून आणल्यालं.”

म्हणजे बघा! रोज सकाळी दात घासताना जे पाणी मी गॅलरीतून बघतो, त्याचंच दर्शन घ्यायला शंभर किलोमीटर पेट्रोल जाळून आलो होतो! तात्याला फोन लावला. उचलेना. स्कूटर पळवली.

सासुरवाडीला पोचलो तर गावात चिटपाखरू नाही. सगळं गाव नदीत! कोरड्या वाळूत, ठेवणीतली लुगडी नेसून, बायका ओटीची ताटं घेऊन उभ्या. हलगी वाजतेय. म्हातारी माणसं कपाळावर हात धरून वरच्या अंगाला बघतायत. आणि सगळ्यांच्या पुढं फेटा बांधलेला तात्या.

“दाजी! कुठवर आलंय पानी?”

पळून जायची इच्छा झाली. पण सगळे डोळे माझ्याकडे. सांगितलं सगळं, मान खाली घालून.

हलगी थांबली. एक आजीबाई पुढं आल्या, वाळूत बसल्या आणि हातानं उकरू लागल्या. कोपरापर्यंत खड्डा झाला. तळाला वाळू ओली लागली. मग हळूच, झोपेतून डोळा उघडावा तसं, ओंजळभर पाणी वर आलं.

“आता आलुया तर भरू की वटी,” आजीबाई म्हणाल्या. “हाय ती. निजलीया.”

बायकांनी त्या खड्ड्यापाशीच ओटी भरली. मी सुमनला व्हिडिओ लावला, खरं सांगितलं आणि ती ओंजळ दाखवली. ती रागावली नाही. म्हणाली, “एक बाटली भरून आणा. हळू भरा, गढूळ करू नका.”

मी बाटली भरत होतो. तात्या शेजारी उकिडवा बसला, फेटा सोडून मांडीवर ठेवला.

“दाजी, राग नका मानू. पर एक इचारू?”

“विचारा की.”

“तुमी साळंत तीस वर्सं शिकवलंसा. कुठला इषय हुता?”

बाटलीचं टोपण लावता लावता मी म्हणालो, “भूगोल.”