कॅप्सूल न घालता

डहाणूच्या एका छोट्या दवाखान्यात मी मावशी म्हणून काम करते. चादरी बदलायच्या, बेडपॅन द्यायचं, पेशंटला धरून चालवायचं. माझं गाव तिकडे नांदेडकडे. शाळा आठवीतच सुटली. नवऱ्याला तलासरीला कारखान्यात काम लागलं म्हणून इथे आलो. सुरुवातीला इथल्या माणसांचं बोलणं अर्धंच कळायचं, आणि आज कामावरून काढतात की उद्या, ही धास्ती पोटात असायची. ती कमी केली ती आमच्या सिस्टरनी. त्यांचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही, आणि केलं काय तर हे.

त्या येता-जाता मला शिकवायच्या. निळा पंप धाप लागल्यावर, तो लगेच आराम देतो. कॅप्सूलचं औषध मात्र रोजचं, बरं वाटत असलं तरी घ्यायचं, कारण ते छातीतल्या नळ्यांची सूज हळूहळू उतरवतं. ते ओढून झालं की चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. वाफ दिल्यावर पेशंटचे हात थरथरले, छाती धडधडली, तर घाबरायचं नाही, पण त्यांना सांगायचं. मी सगळं वहीत लिहून घ्यायची. एकदा वही बघून त्या हसल्या, "तू शिकली असतीस तर माझी नोकरी गेली असती गं!" हे बोलणं मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते.

रानशेतकडच्या पाड्यावरून एक आजी आल्या होत्या, दम्याच्या. डॉक्टरांनी रोजचं कॅप्सूलचं औषध लिहून दिलं. ही कॅप्सूल गिळायची नसते. मुठीत मावेल अशा प्लास्टिकच्या यंत्रात ती घालायची, यंत्र फिरवलं की ती फुटते, मग आतली पूड तोंडाने ओढायची. ओपीडीत गर्दी होती. सिस्टर म्हणाल्या, "त्यांना बसव, मी येते समजवायला."

मी बसवलं. आणि म्हटलं, आपल्याला येतंय की.

मावशीने औषधाला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. तो मी पाळला. कॅप्सूलच्या डबीला बोटही लावलं नाही, नुसती बोटाने दाखवली. "सकाळी एक, संध्याकाळी एक." मग रिकामं यंत्र उचललं. "हे असं धरायचं, ओठ घट्ट मिटायचे, जोरात ओढायचं. दहा आकडे श्वास धरायचा. मग चूळ."

आजी म्हणाल्या, "समजला, बाय."

सिस्टर घाईत आल्या. "झालं?"

"झालं. सगळं सांगितलं."

त्यांनी फाइलवर सही केली.

तीन आठवड्यांनी सकाळी सून त्यांना रिक्षातून घेऊन आली. आजींना धड दोन शब्द सलग बोलता येत नव्हते. सिस्टरनी वाफ लावली, ऑक्सिजन बघितला, पाठ चोळली. तासाभराने धाप बसली. डॉक्टरांनी विचारलं, "रोजचं औषध घेत होता ना?"

"एक दिस पण चुकवला नाय."

"कसं घेता, दाखवा बरं."

आजींनी पिशवीतून डबी काढली. कॅप्सूल जिभेवर ठेवली, बाटलीतलं पाणी पिऊन गिळली. मग रिकामं यंत्र तोंडाला लावलं, ओठ घट्ट मिटले, सगळा जीव लावून ओढलं. डोळे मिटून बोटांवर दहा मोजले. मग चूळ भरायला भांडं मागितलं.

एकही पायरी चुकली नव्हती. मी दाखवलं होतं ते सगळं, जसंच्या तसं.

सून म्हणाली, "मी बोलत होती ना आये, गोळी गिळायची तर हा भोंगा कशाला? जाऊन विचार!"

डॉक्टर सिस्टरांकडे वळले. "सही तुमची आहे. काय समजावलं होतं तुम्ही?"

आजीच मध्ये बोलल्या, "त्यांना नका बोलू, डॉक्टर. मी अडाणी. माझीच चूक."

वाफेचा मास्क माझ्या हातात होता. तो धुवायला म्हणून मी बेसिनकडे गेले आणि नळ सोडला.

दुपारी सिस्टरांच्या टेबलापाशी जाऊन म्हटलं, "सिस्टर, त्या आजींना..."

"माहीत आहे मला. सही करण्याआधी मी त्यांच्याकडून करून घ्यायला हवं होतं."

"डॉक्टरांना सांगू?"

"माझ्यासाठी नको. माझी बोलणी खाऊन झाली. पण ती बाई स्वतःला अडाणी म्हणत पडलीय, तिचं काय?"

मी आजींच्या खाटेपाशी गेले. म्हटलं, "आजी, चूक तुमची नाही. कॅप्सूल आत घालायची असते. मी घालून दाखवलीच नाही."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "मंग तवाच बोलायचा ना! ही सून सकाळपासून अडाणी अडाणी करते. आता तिच्या समोर बोल."

सून चहा घेऊन आली. तिच्या मागोमाग डॉक्टर राउंडला आले, शेजारच्या खाटेशी थांबले. आजींनी चहाचा कप घेतला, प्यायला नाही. त्या माझी वाट बघत होत्या.

मी मोठ्याने सांगितलं. कुणी शिकवलं, कसं शिकवलं, सकाळी मी गप्प का राहिले, सगळं.

डॉक्टर म्हणाले, "यापुढे तू कुणाला काही शिकवायचं नाहीस." बरोबरच होतं ते. काढलं नाही मला, याचं अजून नवल वाटतं.

मग सिस्टरनी नवी कॅप्सूल यंत्रात घातली, फिरवली, आणि आजींच्या हातात दिली. आजींनी ओढलं. आत कॅप्सूल खुळखुळली. त्या दचकल्या, श्वास धरून दहा मोजले, आणि सुनेकडे बघून म्हणाल्या, "गोड लागला गं!"

सून हसली. सिस्टरही हसल्या. मला हसता आलं नाही. रोज दोनदा, तीन आठवडे, त्यांनी असाच जीव लावून नुसती हवा ओढली होती.