नको तिथले भोवरे

घोडेगावच्या एका फोटो स्टुडिओत मी पासपोर्ट फोटोसाठी बसलो होतो. नोकरीच्या अर्जाला लागणार होता, म्हणून डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढायला सांगून ठेवली होती.

माझ्या आधी एक म्हातारे शेतकरी होते. मोबाईलवरचा त्यांचा आणि त्यांच्या बैलाचा फोटो त्यांना रंगवलेल्या चित्रासारखा करून भिंतीला लावायचा होता. स्टुडिओवाल्यानं एक बटण दाबलं आणि फोटोभर ब्रशचे गोल गोल फटकारे उमटले. कौतुक ऐकायला तो खुर्ची सरकवून बसला.

म्हाताऱ्यांनी टोपी मागे सारली. बाजारात जनावर पारखतात तसे ते पडद्यापुढे वाकले.

"पाठीवर दोन, बरगडीवर तीन. भाऊ, माझ्या बैलाला केसांचा एकच भोवरा हाय, कपाळावर. नको तिथं भोवरा असलेला बैल कुनी दावणीला बांधत न्हाई. पाव्हनं काय म्हनतील?"

"बाबा, हे ऑइल पेंटिंग आहे."

"आसंल. पन बैल माझा हाय."

स्टुडिओवाल्यानं बैलावरचे भोवरे पुसून तो गुळगुळीत केला. मग माउस म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर नेला. तिथं तर गालापासून हनुवटीपर्यंत भोवरेच भोवरे होते.

"ते ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मला कुठं आता बाजारात उभं ऱ्हायचंय."

ते गेल्यावर स्टुडिओवाल्यानं मला विचारलं, वर्तुळं काढायचीच ना? पडद्यावरच्या माझ्या तोंडाकडे मी जरा वेळ पाहिलं आणि काढा म्हणालो. मला अजून बाजारात उभं राहायचं होतं.