बिबट्या, सासूबाई आणि चार मथळे

माझ्या सासूबाईंनी बिबट्या कोंडला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची चार वर्तमानपत्रं आमच्या कपाटात अजून जपून ठेवलेली आहेत. गेल्या दिवाळीत मुलगी पुण्याहून आली तेव्हा तिने ती बाहेर काढली आणि मोठ्याने वाचायला घेतली. कागद पिवळा पडलाय, घड्यांवर विरलाय, पण मथळे ठसठशीत आहेत. 'उड्डाणपूल वर्षअखेर पूर्ण होणार' असं एकाच्या पहिल्या पानावर आहे. त्या पुलाचे खांब बघत मुलगी शाळेत गेली, कॉलेजात गेली, आणि ती नोकरीला लागली तेव्हा कुठे त्यावरून पहिली गाडी धावली. 'कांद्याने पुन्हा रडवले' हा मथळा तर कुठल्याही वर्षी तसाच छापता येईल. 'शहरात पाणीकपात नाही' असं एकाने ठणकावून सांगितलंय आणि त्याच्याच खाली बारीक अक्षरात कळवलंय की मंगळवारी पाणी येणार नाही.

पण आम्ही ही पानं ठेवली ती बिबट्यासाठी. त्या एका दिवशी आमच्या घरातल्या एकाच घटनेच्या चार बातम्या चार ठिकाणी आल्या होत्या, आणि एकीचा दुसरीशी मेळ नव्हता.

घडलं ते असं. आमचं घर नाशिक रोडहून एकलहऱ्याकडे जाताना लागतं. मागे तेव्हा उसाचं शेत होतं. थंडीचे दिवस, नवरा वीज केंद्रात सकाळच्या पाळीला गेलेला, मुलगी शाळेत. सासूबाई परसात पूजेची फुलं तोडत होत्या. त्यांच्या पाठीमागून काहीतरी तांबूस कुंपणावरून उडी मारून आलं आणि उघड्या दारातून कोठीच्या खोलीत शिरलं. शेजाऱ्यांचं दांडगं कुत्रं आमच्या कोठीत नेहमीच घुसायचं आणि गव्हाच्या पोत्यावर लोळायचं. सासूबाईंनी आत डोकावूनही न बघता दार ओढलं, कडी घातली आणि मला हाक मारली. म्हणाल्या, "शेजारी जाऊन सांग, तुमचं कुत्रं आम्ही कोंडलंय. येऊन न्या म्हणावं."

मी गेले. शेजारीणबाई दारात भाजी निवडत होत्या आणि त्यांचं कुत्रं पायरीवर ऊन खात झोपलं होतं. मी तशीच परत फिरले आणि कोठीच्या खिडकीतून आत बघितलं. गव्हाच्या पोत्यामागे एक शेपूट हलत होती आणि तिच्यावर ठिपके होते. कशीबशी सासूबाईंपर्यंत पोचले आणि सांगितलं. त्यांनी फुलांची परडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "कडी नीट बसलीय ना, तेवढं बघून ये." मी काही गेले नाही. शेवटी त्यांनीच जाऊन बघितली.

मग फोन झाले, वनविभागाची माणसं आली, पिंजरा आला. आमच्या गच्चीवर मी कधीही न पाहिलेली माणसं उभी होती. खिडकीतून बिबट्याला भुलीचं इंजेक्शन मारलं, तो बेशुद्ध झाला आणि त्याला उचलून नेलं. तोवर सासूबाईंनी सगळ्यांसाठी चहा केला होता. त्या गर्दीत वार्ताहरही होते. कोण कुणाशी बोललं हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

नवऱ्याने स्टॉलवरून चारही वर्तमानपत्रं आणली आणि आम्ही ती ओट्यावर पसरली. पहिल्यात होतं, 'वृद्धेची बिबट्याशी झुंज'. दुसऱ्यात, 'धाडसी सुनेने बिबट्याला कोंडले'. हे वाचल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दूध उतू जात नसतानाही गॅस बंद करायला उठले. तिसऱ्यात शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा फोटो होता आणि वर मथळा, 'श्वानाच्या सतर्कतेने बिबट्या जेरबंद'. कुत्र्याने रात्रभर भुंकून सगळ्यांना सावध केलं, असं शेजारीणबाईंनी सांगितलं होतं. चौथ्याचा माणूस आलाच नव्हता, त्याने कुणाकडून तरी फोनवर माहिती घेतली असावी. त्याचा मथळा होता, 'बिबट्या दिसताच वृद्धा बेशुद्ध'. बातमीच्या शेजारी मूळव्याधीवरच्या खात्रीशीर इलाजाची जाहिरात होती.

दुपारी निफाडहून सासूबाईंचे धाकटे भाऊ आले. त्यांनी कोठी पाहिली, बातम्या वाचल्या आणि चहा पिता पिता शांतपणे म्हणाले, "आमच्या उसात लय हायेत. कुणी छापत नाय." आणि त्यांनी द्राक्षावरच्या भुरी रोगाचा विषय काढला.

सासूबाईंचं मात्र त्यात लक्ष नव्हतं. त्यांनी मनाशी निवाडा करून ठेवला होता. झुंज म्हणजे जरा जास्तच झालं, पण लिहिणाऱ्याची भावना चांगली होती. सुनेचं नाव झालं ते घरातच राहिलं. कुत्र्याच्या बातमीवरून भांडायचं तर शेजारधर्म मोडायचा. पण बेशुद्ध त्या पडल्या नव्हत्या. नवरा म्हणाला की उद्या याच कागदावर लोक भजी खातील, सोडून दे. त्यांनी सोडलं नाही. इस्त्रीची साडी नेसून त्या माझ्या स्कूटरवर मागे बसल्या आणि आम्ही त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो.

तिथल्या उपसंपादकाने खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. फोनवर ऐकण्यात गडबड झाली असावी, असं तो म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "बेशुद्ध बिबट्या झाला. मी चहा केला." त्याने ते लिहून घेतलं. मग त्यांनी दुसरा मुद्दा काढला की वृद्धा कोण. तो गोंधळला. त्यांच्याकडे साठीनंतर सर्रास वृद्ध लिहितात, असं त्याने चाचरत सांगितलं.

"मग मला अजून अवकाश आहे," सासूबाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी आतल्या पानावर, हरवले-सापडलेच्या वर, खुलासा आला. 'सदर महिला बेशुद्ध झाल्या नव्हत्या, तसेच त्या वृद्धही नाहीत, याची वाचकांनी नोंद घ्यावी.' एवढंच. चार मोठ्या मथळ्यांपेक्षा त्यांना हा खुलासा जास्त आवडला. त्या दिवशी शेजारीपाजारी, किराणावाला, कुणालाही त्यांनी तो वाचून दाखवायचा सोडला नाही.

संक्रांतीला कॉलनीच्या महिला मंडळाने त्यांना हळदीकुंकवाला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. निवेदन करणाऱ्या बाईंनी 'बिबट्याशी झुंज देणाऱ्या' अशी ओळख करून दिली. मी दुसऱ्या रांगेत होते. मला वाटलं, एका शब्दासाठी कचेरी गाठणारी ही बाई आता माइकसमोर कुत्र्याची गोष्ट सरळ सांगून टाकणार. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "झुंज काय, वेळ आली की द्यावीच लागते." मग बायकांनी न घाबरता कसं राहावं यावर त्या बराच वेळ बोलल्या. कुत्रं आलं नाही, गव्हाचं पोतं आलं नाही. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

घरी येताना मी न राहवून विचारलं, की आई, तुम्ही खरं का नाही सांगितलंत. त्या चालता चालता म्हणाल्या, "अगं, त्या माणसाने चांगल्या मनाने लिहिलंय. मी कशाला चारचौघीत त्याला खोटं पाडू?"

पुढच्याच महिन्यात मंडळाने त्यांना अध्यक्ष केलं. आता त्या पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, गुडघे दुखतात, सभा आमच्या हॉलमध्ये भरते आणि बायका आपापल्या खुर्च्या घेऊन येतात. अध्यक्षपदासाठी दुसरं नाव सुचवायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही.