किती वाजताची गाडी

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर शेवगावला जायचं, आणि त्यासाठी आधी फाट्यापर्यंत माळातून चालायचं. एकट्या पोरीला त्या वाटेने कोण धाडणार? सातवी पास होऊन मी घरी बसले होते. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांनी निकाल देऊन टाकला होता: गावात एस.टी. आली तर शाळा, नाही आली तर उन्हाळ्यात लग्न. पाहुणे मला बघूनही गेले होते. ही एकाहत्तर सालची गोष्ट.

अशात एक दिवस, गाडी सुरू करायची म्हणून चौकशीला एक साहेब चावडीत आले. चहा आमच्या घरून गेला. तो घेऊन मीच गेले आणि रिकामी किटली धरून दाराशी रेंगाळले. साहेब माणूस चांगला, लहानथोरांशी अदबीने बोलणारा. पण विचारायची त्यांची रीत उलटी. गावाला काय हवं ते न विचारता म्हणाले, "सकाळी अकराची गाडी चालेल का?"

चावडीतल्या सगळ्या टोप्या एकदम डोलल्या. चालंल की, न चालायला काय झालं.

शेवगावच्या शाळेची घंटा अकराला व्हायची. गावातून अकराला सुटणारी गाडी घेऊन मी काय करणार होते? दूधवाल्यांनाही तिचा उपयोग नव्हता, तोवर दूध नासलं असतं. हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण आमच्याकडे दारी आलेल्या पाहुण्याच्या शब्दाला नाही म्हणायची पद्धत नाही. मग तो आणखी भाकरी मागो, नाहीतर गाडीची वेळ सांगो. मी दादांकडे बघत राहिले. दादांनीही मान डोलावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेबांना फाट्यावर सोडायचं काम दादांकडेच आलं. त्यांनी बैलगाडी जुंपली आणि मी कुणाला न विचारता मागे चढून बसले. वाटलं, चारचौघांपुढे नसेल जमलं, वाटेत तरी बोलतील. दादा बोलले की. पावसावर बोलले, बैलाच्या खुरावर बोलले, साहेबांच्या गावाकडे ज्वारी कशी आहे तेही विचारून झालं. ओढा मागे पडला, फाट्यावरचं चहाचं दुकान दिसायला लागलं, तरी आमचं घोडं पेंड खातच होतं. साहेब एकदा एस.टी.त चढले की अकराची वेळ पक्की, आणि माझं लग्नही.

मी म्हणाले, "सायेब, अकराची गाडी मला चालत न्हाई."

दादांनी कासरा ओढला. बैल थांबले. आता थोबाडीत बसणार, असं मी धरूनच चालले होते. साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मग दादांकडे. या खेपेला त्यांनी वेळ सुचवली नाही. गावातून सकाळी कोण निघतं, कुठे जातं, कशाला, परत कसं येतं, असं एकेक विचारत गेले. आणि दादा सांगायला लागले. दूध कधी निघतं, शेवगावची शाळा कधी भरते, दवाखान्याला निघालेल्या बायांना फाट्यावर उन्हात कसं बसावं लागतं, सगळं. ऐकून साहेब वैतागले. मग हे चावडीत का नाही सांगितलं, म्हणाले.

"तुमी चालंल का म्हनून इचारलं," दादा म्हणाले. "पावन्याला तोंडावर न्हाई कसं म्हनावं? काय लागतंय ते इचारलंच न्हाई तुमी."

"आणि शाळेच्या वेळेला गाडी नाही मिळाली तर?" साहेबांनी विचारलं.

"तर हिचं लगीन."

बैलाच्या खुराबद्दल बोलले होते त्याच आवाजात हेही बोलले. साहेबांनी कागदावरचे अकरा खोडले आणि वेळ मला विचारली. मी नऊ सांगितली. त्यांनी नऊ लिहून घेतले आणि फाट्यावरून एस.टी. धरली. परतताना दादा रागावले नाहीत. लई धीट झालीस, एवढंच म्हणाले, तेही हसत. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

साहेबांनी शब्द पाळला. कागद वर गेला. पण रस्ता व्हायचा होता, मध्येच दुष्काळ पडला. किती वाजता, ते मी ठणकावून सांगितलं होतं. कधीपासून, ते आम्हा तिघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. दादांनी उन्हाळ्यापर्यंत वाट पाहिली आणि मग त्यांनीही आपला शब्द पाळला.

गाडी आली तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते. पहिल्या दिवशी सारा गाव जमला, नारळ फुटला, आणि गाडी बरोबर नऊला सुटली. माझी धाकटी बहीण मांडीवर दप्तर घेऊन खिडकीशी बसली होती. दादांच्या शेजारी मी तान्हं पोर घेऊन उभी होते. ती खिडकीतून हात हलवत होती, आणि मला तिचा इतका राग आला की मी तिच्याकडे बघितलं नाही.