पाळणा छाप घुटी आणि मी लिहिलेलं एक उत्तर

नाना गेल्याची बातमी मला सातवीच्या वर्गाला शिकवताना कळली. शाळेचा शिपाई दारात उभा राहून नुसतंच "घुटीवाले नाना..." एवढं म्हणाला, आणि मी हातातला खडू ठेवून दिला. आज महिना उलटला. गावात सगळे त्यांच्याबद्दल चांगलंच बोलतात. मला मात्र जे सांगायचं आहे ते माझ्याबद्दलही आहे.

नाना मूळचे धुळ्याकडचे. जळगावात आयुष्य गेलं तरी बोली तिकडचीच राहिली. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग घालून ते लहान बाळांची घुटी करत. बाटलीवर पाळण्याचं चित्र, पाळण्यावर पाच पोपट. ते त्यांच्या पत्नीनं, अक्कांनी काढलेलं. मी शेजारचा शाळामास्तर. नानांची इंग्रजी पत्रं वाचणं-लिहिणं माझ्याकडे.

एकदा बोदवडच्या बाजारातून ते एक बाटली घेऊन आले. "मास्तर, पोपट मोजा." चारच होते. नानांनी आतला थेंब जिभेवर ठेवला आणि थुंकले. "अफू शे. पोर गप निजस, मायले वाटस गुण उना." तेव्हापासून ते बाजार हिंडू लागले... नशिराबाद, बोदवड, पार धुळ्यापर्यंत. नक्कल दिसली की विकत घ्यायची आणि दुकानदारासमोरच गटारात ओतायची. तक्रार नेली की फौजदार विचारी, "छाप तुमचीच कशावरून?" दाखवायला नानांकडे कागद नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत ट्रेडमार्क नोंदणीचा नवा कायदा लागू झाला, वकिलामार्फत मुंबईला अर्ज गेला, आणि नोंदणीचा कागद आला तेव्हा नाना गल्लीभर पेढे वाटत फिरले.

त्याच सुमारास वकिलांनी विचारलं होतं, तुमचा माल आफ्रिकेत मोंबाशालाही जातो, तिथं वेगळी नोंदणी करायची का? मी पत्र वाचून दाखवलं. "तुम्हले काय वाटस, मास्तर?" मी म्हणालो, "कशाला? इथं राज्य इंग्रजांचं, तिथंही त्यांचंच." तसं उत्तर मीच लिहिलं. काय लिहिलं ते न विचारता नानांनी खाली सही केली.

पुढे नानांचा माल मोंबाशाच्या बंदरात अडवला गेला. तिथल्या एका व्यापाऱ्यानं चार पोपटांचा पाळणा आपल्या नावावर नोंदवून घेतला होता. वेष्टनावर नानांचं नाव आणि जळगावचा पत्ता मात्र तसाच ठेवलेला. तिथल्या कायद्यानं तो खरा, नाना नकली. दाद मागितली, पण लढाईमुळे टपाल महिनोन्महिने अडकून पडे. निकालाच्या आधी आलं ते एका बाईचं पत्र.

ती सोनगीरची मुलगी, नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे मोंबाशाला गेलेली. वेष्टनावरच्या पत्त्यावर तिनं लिहिलं होतं, "आईनं मला तुमच्याच घुटीवर वाढवलं. म्हणून डोळे झाकून दिली. बाळ उठलंच नाही. आत काय घातलं होतं, तेवढं कळवा." सोबत वेष्टनाचा तुकडा. त्यावर चार पोपट.

"लिहा," नाना म्हणाले, "का ती घुटी आपली नही शे." मी दौत उघडली. दोन ओळी झाल्या असतील, त्यांनी कागदावर हात ठेवला. "राहू द्या, मास्तर. तिना बाळले आते काय फरक पडस?"

दुसऱ्या दिवशी नानांनी भांडी पालथी घातली. पुन्हा घुटी केली नाही, बाजाराकडे फिरकलेही नाहीत. माझ्या त्या उत्तराबद्दल एक अक्षर कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. शेवटच्या भेटीत मीच धीर करून म्हणालो, "नाना, मोंबाशाचं ते उत्तर मी..." त्यांनी पांघरूण वर ओढून घेतलं. मग म्हणाले, "शाळा सुटनी का?"

तेराव्यानंतर मी अक्कांना भेटायला गेलो. घुटीची खोली त्यांनी तीन वेळा धुतली होती, तरी भिंतींना वेखंडाचा वास होताच. तेवढ्यात मागच्या गल्लीतली एक बाळंतीण दारात आली. बाळाचं पोट दुखत होतं, ते पाय आखडून रडत होतं. "अक्का, उरेल असेल तर एक चाटण द्या ना..." अक्कांना ती घुटी हातानं करता येत होती, चाळीस वर्षं त्यांनीच उगाळली होती. त्या उठल्या, खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या, आणि दाराची कडी लावून मागे फिरल्या.

"नही शे, माय."

रडणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिलं.