साईराजची आई

हवालदार जयराज पेन्शन घेऊन कुंडलला परत आला, तेव्हा फौजीनं येताना ट्रंकभर शिस्त आणलीय आणि ती पहिल्यांदा घरच्याच पोराला लावायची त्याला भारी घाई झालीय, हे आठवडाभरात गावाला कळून चुकलं. पोरगा साईराज, वय आठ. तो कुठं आहे हे गावात विचारावं लागत नसे. जिकडून 'आरं धरा, धरा' असा ओरडा यायचा, तिकडं तो असायचा.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एडीएचडी असल्याचं मागंच सांगितलं होतं. पोरगं हुशार आहे, पण त्याच्या मनाचा ब्रेक उशिरा लागतो, ह्यात त्याचा दोष नाही आणि आईचाही नाही, असंही बाईंनी समजावलं होतं. जयराजनं ते जम्मूत फोनवर ऐकलं आणि 'बरं बरं' म्हणाला. मनात मात्र म्हणाला, कसलं काय! बाईनं पोराला डोक्यावर बसवून घेतलंय, दुसरं काय असणार?

बाई म्हणजे त्याची बायको, शिवांजली. अंगानं किरकोळ. आवाज बसका, हाका मारून मारून कायमचा बसलेला. लग्नाकार्यात ती पंगतीला बसायची नाही. हातात ताट घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभ्यानं चार घास खायची, नजर पोरावर. बाया म्हणायच्या, "येवढं काय लाडाचं लागून गेलंय!" आणि साईनं कुणाच्या पोराला ढकललं की त्याच बाया म्हणायच्या, "आईचा धाकच न्हाई." मृदंगाला दोन्हीकडून थपडा, तशी तिची गत. जयराजलाही त्या बायांचंच पटायचं, हे त्याच्या तोंडावरून कुणालाही वाचता आलं असतं.

त्यानं शिट्टी काढली आणि पहाटे अंगणात कवायत सुरू केली. दोन दिवस साईनं असे काही पाय आपटले, की फौजीनं मिशीला पीळ भरला. तिसऱ्या दिवशी शिट्टी गायब झाली, ती वाजली थेट चौकात, उसाच्या ट्रॅक्टरसमोर. ड्रायव्हर नाथाजीला वाटलं पोलीस. त्यानं करकचून ब्रेक मारला आणि ट्रॉलीतला निम्मा ऊस रस्त्यावर आला. गाव हसून हसून बेजार.

"फौजी," नाथाजी कमरेवर हात ठेवून म्हणाला, "तुमच्या पलटणीतला जवान फितूर झालाय बगा."

जयराजला ते फार लागलं. पोराला जूनपासून पाचगणीच्या निवासी शाळेत घालायचं, असं त्यानं त्याच दिवशी ठरवलं. कडक शाळा, आईची मध्ये लुडबुड नाही. ओळखीच्या एका सुभेदारानं शब्द टाकून जागाही मिळवली. सोमवारी फक्त होकार कळवायचा होता.

शिवांजली भाकरी थापत होती. ती भांडेल अशा तयारीनं जयराज उभा होता, पण ती भांडली नाही.

"आवं, मी न्हाई म्हणत न्हाई," ती म्हणाली. "माझाबी जीव आता दमलाय. पर येक करा. माझ्या आईच्या डोळ्याचं आपरेशन झालंय, रईवारी मी सांगलीला जाऊन येती. त्या दिवशी तुमी येकट्यानं त्याला बगा. मग सोमवारी काय सांगायचं ते सांगा."

जयराज हसला. "आगं, बर्फात जवानांची तुकडी सांभाळलीय मी."

"त्ये सांगितल्यालं ऐकत हुते की," म्हणत तिनं भाकरी उलटली.

रविवारी तिची एसटी गेली आणि हवालदारसाहेबांची लढाई सुरू झाली. एका पायात मोजा चढवून पोरगं दुसरा आणायला गेलं, ते वाटेत शेळीला पाणी पाजायला लागलं, आणि नळ तसाच सोडून पेरूच्या झाडावर चढलं. गृहपाठाची एक ओळ झाली. पुढं पेन्सिलीला टोक काढता काढता अख्खी पेन्सिल संपली. जयराजनं हुकूम सोडला, मग समजावलं, मग चॉकलेट कबूल केलं, मग पुन्हा हुकूम सोडला. दुपारपर्यंत घसा बसला. ताटावर बसून पहिला घास तोंडात घालतो तर पोरगं पत्र्यावर! तेव्हा शिवांजली मांडवात उभ्यानं का जेवते, ते त्याला कुणी न सांगता कळलं.

दुपारी फोन वाजला म्हणून त्यानं जरा पाठ फिरवली. वळून पाहतो तर अंगण रिकामं.

कारखान्याकडं निघालेल्या ट्रॉलीमागं पळून ऊस उपसणं इकडच्या पोरांना नवं नाही. जयराजनंही लहानपणी उपसलेला. पण साई ट्रॉलीच्या मागं नव्हता. दोन ट्रॉल्यांच्या मधल्या जोडावर एक पाय ठेवून तो उसाला लोंबकळत होता, आणि ट्रॅक्टर चालू होता. जयराज अनवाणी धावला. त्यानं पोराला बखोटीला धरून खाली ओढलं, बांधावर आणलं आणि एक सणसणीत लगावली. पाचही बोटं गालावर उमटली.

साई रडला नाही. गाल चोळत बापाकडं बघत राहिला.

"पप्पा, मला कळतंय," तो म्हणाला. "पर कळायच्या आदीच झाल्यालं आसतंय." आणि जरा थांबून, "मम्मीला सांगू नगा. मला मार बसला की ती मोरीत जाऊन नळ सोडून रडती."

"मम्मी मारती तुला?"

"कवा कवा. मग सॉरी म्हणती."

जयराज बांधावर बसला. पोराचं मनगट त्यानं घट्ट धरून ठेवलं होतं. सोडायचं धाडसच होत नव्हतं. रोज संध्याकाळी फोनवर ती म्हणायची, "हिकडं समदं बरं हाय, तुमी काळजी करू नगा." आणि तो खरंच करत नव्हता. आजचा एक दिवस त्याला पेलवला नव्हता, आणि तिनं असे किती काढले होते! कुणाला न सांगता, वर लोकांची बोलणी खाऊन. त्याच्या अंगावर काटा आला. सीमेवरही असा कधी आला नव्हता.

संध्याकाळी शिवांजली आली. तिनं आधी पोराचा गाल पाहिला, मग नवऱ्याचं तोंड. आता काय ऐकावं लागणार म्हणून जयराज खाली बघत राहिला.

"कवा मारलं?"

"दुपारी. चालत्या ट्रॉलीवर चढला हुता."

"दुपारपतुर दम धरला?" ती म्हणाली. "लय झालं की. माझा हात सकाळीच उठतो कवा कवा." आणि ती खरोखर हसली. मग पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "मारल्यावर त्याला काय सांगितलं?"

"काय सांगायचं?"

"चुकलं म्हणून सांगायचं. ट्रॉलीवर चढनं बी चुकलं आन् मारनं बी चुकलं. जावा."

आठ वर्षांच्या पोराची माफी मागायची, हे कुठल्याच हवालदाराच्या शिक्षणात नसतं. जयराज उठला, पोरापाशी उकिडवा बसला आणि बसक्या आवाजात जेवढं जमलं तेवढं बोलला. साईनं "ठीकाय" म्हटलं आणि लगेच पळाला. ही बाई हे रोज करते, असं जयराजच्या मनात आलं आणि त्याला तिच्याकडं नजर वर करून बघवेना.

फौजेत पहाऱ्यावरच्या जवानाची वेळ भरली की त्याच्या जागी बदली येते. बर्फ पडो, वादळ येवो, बदली येतेच; कारण त्यापुढं माणसाचा डोळा शाबूत राहत नाही, हे फौजेला ठाऊक आहे. ह्या बाईला आठ वर्षांत बदली आली नव्हती. आणि तिचा डोळा शाबूत होता.

सोमवारी उजाडताच त्यानं सुभेदाराला फोन लावला. "पोरगं हितंच ऱ्हाईल," एवढंच सांगितलं. मग तो आत आला. शिवांजली अंथरूण गोळा करत होती.

"ठेव ते. शाळेची गाडी येईस्तवर पोरगं माझ्याकडं. रोज. तू नीज."

तिला खरं वाटेना. "त्याला दोन कामं येकदम सांगू नगा. येक सांगा, ते झालं की दुसरं."

"व्हय."

"लांबनं वरडू नगा. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवा, मग बोला."

"जी," तो म्हणाला. असं मनापासून 'जी' त्यानं कुठल्या साहेबालाही म्हटलं नव्हतं.

ती अवघडून आडवी झाली, पाहुण्याच्या घरी झोपावं तशी. जयराज अंगणात गेला. थोड्याच वेळात साईनं पाण्याची भरली बादली पालथी केली, शेळी ओरडली, पत्र्याचा डबा घरंगळत गेला. आता ही उठणार, म्हणून जयराज दाराकडं धावला.

ती हलली नव्हती. तोंड उघडं, मुठी सैल, कपाळावरची आठी पुसलेली. जयराज चौकटीला धरून बघत राहिला. ही इतक्या लहान वयाची दिसते, हे तो विसरूनच गेला होता.

ओल्या चड्डीनं साई त्याच्या बाजूनं आत डोकावला. त्याचे डोळे मोठे झाले. बापाचा सदरा ओढून त्यानं हळूच विचारलं,

"पप्पा, मम्मी बी झोपती व्हय?"